वाचक विचारतात: रूलेटच्या फलकावरचे आकडे काय सांगतात?

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर सहलीला चाललोय. एक संध्याकाळ कॅसिनोत घालवायची असं ठरलंय. मी अगदीच नवखा आहे. एक मित्र म्हणतो, रूलेटमध्ये, म्हणजे फिरत्या चाकावरची गोळी कोणत्या घरात पडेल यावर पैसे लावायच्या खेळात, लालवर लावायचं, हरलो की दुप्पट लावायचं, कधीतरी लाल येतोच आणि सगळं वसूल होतं. त्याचं हे दोनदा जमलंय म्हणे. दुसरा म्हणतो, टेबलाशेजारच्या फलकावर मागचे आकडे दिसतात, ते बघून खेळायचं. कोणाचं ऐकू? आणि मी कोणता खेळ खेळावा?
– एक वाचक

उत्तर: दोघांचंही ऐकू नका. दुसऱ्या मित्राचं म्हणणं लवकर निकालात निघतं, म्हणून ते आधी घेते.

१८ ऑगस्ट १९१३ रोजी मोंटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटची गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. काळा जसजसा येत गेला, तसतसे लोक लालवर जास्त पैसे लावत गेले, कारण ‘आता तरी लाल यायलाच हवा’. त्यात पुष्कळांचे पैसे बुडाले. एकेरी शून्याच्या चाकावर ३७ घरं असतात: १८ लाल, १८ काळी आणि एक हिरवं शून्य. आधी काहीही झालेलं असो, पुढच्या फेरीत लाल येण्याची शक्यता ३७ पैकी १८, म्हणजे ४८.६५ टक्केच राहते. फलकावरचे आकडे खरे असतात, पण पुढच्या फेरीशी त्यांचा काही संबंध नसतो.

आता दुप्पट करण्याची युक्ती. मी संभाव्यता शिकवते आणि हा प्रयोग वर्गात दरवर्षी करून घेते. प्रत्येकाला १२७ मणी द्यायचे. पहिला डाव लालवर १ मण्याचा, लागला तर तितकेच मणी मिळतात. हरलात तर २, मग ४, ८, १६, ३२, ६४. जिंकलात की पुन्हा १ पासून सुरुवात. दर वेळी तेच होतं. बहुतेक मुलांकडे थोडे थोडे मणी वाढतात आणि ती उत्साहाने सांगायला लागतात की पद्धत चालते. मग कोपऱ्यात एखादा रिकाम्या हाताने बसलेला दिसतो. तुमच्या मित्राला अजून ते कोपऱ्यातलं बाक मिळालेलं नाही, एवढंच.

हिशेब असा आहे. सलग सात वेळा हरण्याची शक्यता साधारण १०६ मध्ये १. १ मण्यापासून जिंकेपर्यंत किंवा सातही डाव हरेपर्यंत एक मालिका धरा. म्हणजे सरासरी १०६ मालिका खेळलात तर १०५ वेळा एकेक मणी मिळून १०५ येतात आणि एकदा १२७ जातात. जास्त मणी नेले तर बुडण्याची वेळ लांबते, पण बुडता तेव्हा रक्कमही तितकीच मोठी असते. शिवाय प्रत्येक टेबलावर जास्तीत जास्त किती लावता येईल याची मर्यादा असते, त्यामुळे दुप्पट करणं एका टप्प्यावर थांबतंच. हे मला फार कळकळीने सांगायचंय. या युक्तीत शेवटचा डाव नेहमी सर्वांत मोठा असतो, आणि तो लावताना माणूस आधीच हरत आलेला असतो.

कॅसिनोची कमाई कुठून येते हेही समजून घ्या. रूलेटमध्ये एका आकड्यावर लावलेलं लागलं तर ३५ पट मिळतात आणि लावलेले परत येतात. सगळ्या ३७ घरांवर एकेक लावलंत तर हाती ३६ येतात. तो राहिलेला एक म्हणजे २.७ टक्के, यालाच हाऊस एज म्हणतात. काही चाकांवर दोन शून्यं असतात, घरं ३८ होतात, पण मोबदला तोच राहतो. तिथे हाऊस एज ५.२६ टक्के होतो. टेबलावर बसण्याआधी शून्यं मोजा.

आणि हा टक्का तुम्ही खिशात किती नेले यावर लागत नाही, एकूण किती लावले यावर लागतो. जिंकलेले पुन्हा लावले की त्यांच्यावर पुन्हा लागतो. म्हणून वेग फार महत्त्वाचा. रूलेटच्या तासाला ४० फेऱ्या झाल्या आणि दर वेळी १ लावला, तर सरासरी १ च्या आसपास जाईल. ९२ टक्के परतावा देणाऱ्या स्लॉट मशीनवर, म्हणजे बटण दाबलं की चित्रं फिरवून निकाल देणाऱ्या यंत्रावर, मिनिटाला दहा वेळा बटण दाबलं, तर तासात ६०० लावले जातात आणि सरासरी ४८ जातात. स्लॉट शिकायला सर्वांत सोपं, म्हणून नवखे तिकडेच वळतात. तुम्ही वळू नका.

बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात ‘बँकर’ आणि ‘प्लेअर’ असे दोन हात वाटतात, कोणता जिंकेल यावर लावायचं. ‘बँकर’वर लावा, हाऊस एज १.०६ टक्के. ‘प्लेअर’वर १.२४. ‘टाय’वर, म्हणजे बरोबरीवर, आठपट मिळतात, पण तिथे हाऊस एज १४ टक्क्यांहून जास्त, तिकडे बघूही नका. बॅकरॅटमध्ये निर्णय काहीच घ्यावा लागत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी मी हाच सुचवेन. टेबलाची किमान रक्कम जास्त असेल तर एका शून्याचं रूलेट. क्रॅप्स या फाशांच्या खेळात ‘पास लाइन’ नावाची मुख्य पैज १.४१ टक्क्यांची, तीही चांगली, पण गर्दीत नियम कळायला वेळ लागतो. ब्लॅकजॅक, म्हणजे २१ च्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ, नीट शिकून खेळलात तर हाऊस एज अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. हातात कोणती पानं आली तर काय करायचं याचा तक्ता १९५६ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या चौघांनी साध्या गणनयंत्रांवर काढून प्रसिद्ध केला. तो पाठ करायला महिना पुरेल, पण करायचाच असेल तर पूर्ण करा.

प्रश्न: ब्लॅकजॅकमध्ये डीलरचा, म्हणजे कॅसिनोतर्फे पत्ते वाटणाऱ्याचा, एक्का उघडा असला की ‘इन्शुरन्स’ घेणार का विचारतात. माझा हात चांगला असेल तर घ्यावा का?
– एक वाचक

उत्तर: नाही. नाव विम्याचं असलं तरी ती वेगळी पैज आहे: डीलरचं झाकलेलं पान दहाच्या किमतीचं (दहा, गुलाम, राणी किंवा राजा) आहे, यावर. मोबदला दुप्पट, म्हणजे बरोबरीत सुटायलाही तीनात एकदा दहाचं पान निघायला हवं. सहा गड्ड्यांत ३१२ पानं, त्यांत दहाच्या किमतीची ९६. एक्का बाजूला काढला की ३११ पैकी ९६, जेमतेम ३१ टक्के. हाऊस एज ७ टक्क्यांच्या वर जातो. तुमचा हात चांगला असण्याने हे बदलत नाही. उलट तुमच्या हातात दहाची दोन पानं असतील तर उरलेल्यांत ती कमीच झाली. टेबलावर दुसरीच गोष्ट बघा: ब्लॅकजॅक (पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहाच्या किमतीचं पान) लागल्यावर २ लावले तर ३ देतात (‘३ टू २’) की ५ लावले तर ६ (‘६ टू ५’), हे तिथेच लिहिलेलं असतं. ‘६ टू ५’ असेल तर दुसरं टेबल शोधा.