पितळेची पातेली आणि कल्हई

प्रश्न : सासूबाईंनी माळ्यावरची पितळेची दोन पातेली मला दिली आहेत. ॲल्युमिनियमची भांडी मोडीत काढून रोजचा स्वयंपाक यांतच करावा, असे मनात आहे. ते सुरक्षित ठरेल का? आणि स्टील लोहचुंबकाने पारखता येते, हे खरे का? — एक वाचक, सातारा

उत्तर : पातेली आधी उजेडात धरून आतून पाहावीत. रुपेरी लेप अखंड नसेल, कोठेही पिवळा धातू उघडा पडला असेल, तर कल्हई केल्याशिवाय ती चुलीवर चढवू नयेत. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. चिंच, आमसूल, ताक अशा आंबट पदार्थांत हे दोन्ही धातू उतरतात आणि असे कळकलेले अन्न पोटात गेल्यास मळमळ व उलट्या होतात. कल्हईचा आग्रह ही केवळ जुन्या बायकांची रीत नव्हती. १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांनीही नीट कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी विक्रीच्या खाद्यपदार्थांसाठी वापरण्यास मनाई केली होती.

कल्हई हा कथलाचा पातळ लेप असतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून असे भांडे रिकामे तापवू नये, त्यात काही कोरडे भाजू नये आणि घासताना तारेची घासणी लावू नये. मला खरी काळजी वाटते ती शिशाची. शिसे कथलापेक्षा स्वस्त, शिवाय दोहोंचे मिश्रण शुद्ध कथलाहून कमी उष्णतेवर वितळते, त्यामुळे भेसळीचा मोह होतो; पण शिसे अन्नात उतरल्यास लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधा पोचते आणि नुसता लेप पाहून ही भेसळ ओळखू येत नाही. तेव्हा चार पैसे जास्त पडले तरी खात्रीचा कल्हईवालाच गाठावा.

इतके करूनही आमटी, सार, कढी स्टीलमध्येच करावी. पितळेत भात किंवा साधे वरण शिजवावे. ॲल्युमिनियम मोडीत काढण्याची घाई नको, त्यात आंबट-खारट पदार्थ शिजवू वा साठवू नयेत इतकेच.

चुंबकाची कसोटी मात्र फसवी आहे. सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले ३०४ प्रतीचे स्टील चुंबकाला सहसा चिकटत नाही, पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले, त्यामानाने लवकर गंजणारे २०२ प्रतीचे स्टीलही चिकटत नाही. त्यामुळे खरेदीच्या वेळी भांड्यावर प्रतीचा आकडा कोरलेला आहे का, ते पाहावे.