शेजारच्या आजींना मुलगा मारतो, जेवण देत नाही. पोलीस काही करतात का?

करतात, पण बऱ्याचदा रेटावं लागतं. आत्ता मारहाण चालू असेल तर सरळ ११२ लावा, शेजारीही लावू शकतात.

ठाण्यात गेलात की "घरगुती भांडण आहे, मिटवून घ्या" म्हणून एनसीवर (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) बोळवण होऊ शकते. साध्या मारहाणीचा गुन्हा अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून हे घडतं. जखम असेल तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद हातात घ्या. दुखापत गंभीर निघाली की प्रकरण दखलपात्र होतं. सांभाळायची जबाबदारी असताना म्हाताऱ्या माणसाला कुठेतरी कायमचं सोडून देणं मात्र २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ खाली दखलपात्रच आहे: ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम तोंडपाठ करूनच जा.

पोटगी पोलिसांच्या हातात नाही. त्यासाठी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. आजींना स्वतःला जमत नसेल तर त्यांनी सांगितलेला कुणीही करू शकतो.

अडचण एकच, आई मुलाविरुद्ध बोलायलाच तयार नसते. तेव्हा १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर आधी त्यांचं बोलणं करून द्या.