भिवंडीत घर घ्यावं की कल्याणात?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. घरात तेलुगू बोलतो, शिक्षण सगळ्यांचं मराठीतून. मिस्टर चादरीच्या कारखान्यात हिशेब बघायचे. आता त्यांना मुंबईला बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी लागली आहे, पगार 42 हजार. 1 जूनला हजर व्हायचं आहे. मुलगी यंदा पाचवीत जाईल. सासूबाई आमच्याजवळ असतात, त्यांचे गुडघे दुखतात. त्यांच्या माहेरची बरीच माणसं भिवंडीला पद्मानगरात आहेत. त्यांनी शेजारीच आमच्यासाठी वन रूम किचन बघून ठेवलंय, भाडंही झेपण्यासारखं आहे. नकाशात भिवंडी बीकेसीपासून फार लांब दिसत नाही. एजंट म्हणतो, आठवड्यात डिपॉझिट भरा नाहीतर घर जाईल. भरू का? मुलीच्या शाळेचं कसं करू? सासूबाईंना आत्ताच न्यावं, की काही दिवस नणंदेकडे अक्कलकोट रोडला ठेवावं?

उत्तर : डिपॉझिट आत्ता भरू नका. घर गेलं तर जाऊ द्या, तिकडे घरं मिळतात.

असं ठामपणे लिहिते याला कारण आहे. 1997 साली आम्ही सोलापूर सोडलं. ह्यांना ठाण्याच्या एका कारखान्यात काम लागलं होतं. धाकटे दीर नालासोपाऱ्याला राहायचे, म्हणून आम्हीही तिथेच, त्यांच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये घर घेतलं. नवीन गावात आपलं माणूस भिंतीला भिंत लागून असावं, एवढाच विचार. नकाशात वसई-नालासोपारा आणि ठाणं खाडीच्या अल्याड-पल्याड दिसतात. पण वसई-दिवा मार्गावर मोजक्याच गाड्या, आणि ह्यांच्या शिफ्टच्या वेळेला एकही नाही. मग रोज नालासोपाऱ्याहून आधी दादरपर्यंत खाली यायचं, पूल चढून पश्चिम रेल्वेवरून मध्य रेल्वेवर जायचं, आणि तिथून पुन्हा वर ठाण्याला. संध्याकाळी हेच उलटं. मुलगा तेव्हा चार वर्षांचा. बाप पहाटे निघायचा आणि तो झोपल्यावर परत यायचा. पोरगा रात्री झोपण्याआधी त्यांच्या चपलेत काहीतरी ठेवायचा, कधी चिंचोका, कधी बाटलीचं झाकण. सकाळी हे ते खिशात घालायचे आणि त्याच्या उशाशी दुसरं काहीतरी ठेवून निघायचे. त्या बापलेकांचं बोलणं अकरा महिने असंच चाललं. करार संपला तसे आम्ही कल्याणला आलो आणि पुढे एकवीस वर्षं तिथेच राहिलो.

तुमचं अगदी हेच होऊ घातलंय. भिवंडी गावाबद्दल माझं काही म्हणणं नाही. यंत्रमागाचं गाव, आपल्या पूर्व भागासारखाच खटखटाट, पद्मानगरात तेलुगू कानावर पडेल, सासूबाईंना परकं वाटणार नाही. पण भिवंडी रोड हे स्टेशन त्याच वसई-दिवा मार्गावर आहे. तिथून कुर्ल्याला थेट लोकल नाही. म्हणजे मिस्टरांना आधी रिक्षा किंवा बसने कल्याण नाहीतर ठाणं गाठावं लागेल, मग लोकल धरायची, आणि कुर्ल्याला उतरून बीकेसीसाठी पुन्हा बस किंवा शेअर रिक्षा. भिवंडीभोवती गोदामंच गोदामं, ट्रकांनी रस्ता तुंबला की पहिल्याच टप्प्यात अर्धा-पाऊण तास कुठे गेला कळत नाही. एजंट तुम्हाला ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोबद्दल सांगेल. ती मेट्रो बीकेसीला जात नाही, एवढं लक्षात ठेवा.

आपल्याला सोलापूरची सवय. अशोक चौकातून सात रस्त्याला जायचं तर किती लांब, एवढंच आपण विचारतो. तिकडे विचारायचं ते कुठली लाइन आणि किती ठिकाणी गाडी बदलायची. आपण ‘मुंबईला चाललो’ म्हणतो, पण त्या टापूत नऊ महानगरपालिका आहेत. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि 2016 पासून पनवेल. पाणी कुठलं, कचरा कोण उचलणार, दवाखाना कोणाचा, हे प्रत्येकीचं वेगळं. या सगळ्यांना एकत्र बांधते ती रेल्वे. ती जिथून सरळ जाते तिथलं लांबचं घर जवळ पडतं.

म्हणून मी कल्याण पश्चिम सुचवेन. सीएसएमटीपासून कल्याण 54 किलोमीटर, पण मिस्टरांना कुर्ल्यालाच उतरायचंय. कुर्ल्याला थांबणारी फास्ट मिळाली की तासाभरात पोचतात, मध्ये गाडी बदलणं नाही. शिवाय काही लोकल कल्याणहूनच सुटतात, थोडं आधी जाऊन उभं राहिलं तर बसायला मिळतं. कर्जत-कसाऱ्याकडून येणाऱ्या गाड्या भरूनच येतात आणि डोंबिवलीला सकाळी दारातसुद्धा पाय ठेवायला जागा नसते. रोज तासभर उभं राहून जाणं आणि बसून जाणं यात किती फरक आहे, ते संध्याकाळी घरी आलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं. पश्चिम अशासाठी की भिवंडीला जाणाऱ्या बस आणि शेअर रिक्षा त्याच बाजूने, दुर्गाडी पुलावरून जातात. पद्मानगर तिथून दहा-बारा किलोमीटर. सासूबाईंना वाटेल तेव्हा माहेरच्यांकडे नेता येईल, फक्त मिस्टरांना त्यासाठी रोज चार तास मोजावे लागणार नाहीत. आणि आपली सिद्धेश्वर एक्सप्रेस कल्याणला थांबते, 2023 साली सुरू झालेली वंदे भारतही थांबते. मुंबईच्या आतून सामान घेऊन दादर गाठण्यापेक्षा हे किती सोपं, ते सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला लेकरू कडेवर घेऊन येताना मला दरवर्षी जाणवायचं.

भाडं भिवंडीपेक्षा जास्त पडेल, हे खरं. पण तुमच्या हिशेबात भाड्याशेजारी रोजचं रिक्षाभाडंही लिहा. आणि एक करा. मे महिन्यात मिस्टरांना चार दिवस पद्मानगरातल्या नातेवाइकांकडेच पाठवा. सोमवारी सकाळी त्यांनी तिथून निघून बीकेसीच्या ऑफिसच्या दारापर्यंत जावं आणि संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत परत यावं. मंगळवारी हेच कल्याणहून करावं. रविवारी नको. रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि नसला तरी गर्दी नसते, काहीच कळणार नाही. दोन्ही दिवशीच्या वेळा कागदावर लिहून ठेवा आणि सासूबाईंना दाखवा. मुलगा किती वाजता घरी येईल हे त्यांना दिसलं, तर त्या स्वतःच कल्याण म्हणतील असं मला वाटतं.

आता घर बघताना. एजंट ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ म्हणाला तर चालत की रिक्षाने, हे विचारा आणि स्वतः चालून बघा. पावसात रिक्षा मिळत नाही. पाणी किती वाजता आणि किती वेळ येतं, हे एजंटला न विचारता वॉचमनला किंवा खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. आपण सोलापूरकर दिवसाआड, चार दिवसाआड पाणी भरून जगलेली माणसं, पण तिथल्या वन रूम किचनमध्ये तुमचे ते पिंप मावायचे नाहीत.

सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे तुम्ही तळमजला शोधाल. तिथे जपून. वालधुनी नदीच्या काठी आणि खाडीच्या बाजूला पाणी भरतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, आपल्याकडे सरासरीने अख्ख्या वर्षात एवढा होत नाही. त्या दिवशी आमच्या खालच्या बिऱ्हाडाचं सगळं धान्य गेलं. घर बघायला जाल तेव्हा जिन्याखालची विजेच्या मीटरची पेटी बघा. ती छातीच्या वर बसवलेली असेल, किंवा भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला पिवळट रेघ असेल, तर पाणी कुठवर येतं ते कोणी सांगायची गरज नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीत दुसरा मजला मिळाला तर घ्या.

करार अकरा महिन्यांचा असला तरी तो नोंदवावाच लागतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातल्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स लेखी आणि नोंदणीकृत हवं आणि ती जबाबदारी मालकाची आहे. ‘कशाला खर्च, नोटरी करू’ असं कोणी म्हटलं तर मान्य करू नका. डिपॉझिटची रक्कम करारात लिहिलेली असू द्या आणि पैसे बँकेतूनच द्या.

शाळेचं म्हणाल तर तुमची वेळ चांगली आहे. बऱ्याच मराठी माध्यमिक शाळा पाचवीपासून सुरू होतात, त्यामुळे वर्गात सगळीच मुलं नवी असतात. तुमची लेक एकटी नवी नसेल. सोलापूरच्या शाळेतून दाखला सुट्टी लागण्याआधीच मागून ठेवा, मे महिन्यात कार्यालयात कोणी भेटत नाही. आणि शाळा रुळाच्या त्याच बाजूची बघा ज्या बाजूला घर आहे. पूर्वेला घर आणि पश्चिमेला शाळा म्हणजे दहा वर्षांच्या मुलीला रोज स्टेशनचा पूल आणि ती गर्दी.

सासूबाईंना लगेच नेऊ नका. जून-जुलैत तिकडचा पाऊस, ओल्या पायऱ्या, वाळत नसलेले कपडे, आणि दिवसभर दार लावून बसणं. पहिल्यांदा जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते जड जातं. नणंदबाईंकडे राहू द्या. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा तुम्ही सगळे सोलापूरला येणारच. रथ त्यांना डोळे भरून बघू द्या आणि मग बरोबर घेऊन जा. तोवर तुमचं घर लागलेलं असेल, शेजार कळलेला असेल, आणि पद्मानगरचा रस्ता तुमच्या पायाखालचा झालेला असेल.

जाताना ज्वारी थोडीच न्या, तिकडच्या दमट हवेत पोरकिडे लवकर होतात. कडक भाकरी उघडी राहिली तर रात्रीत सादळते, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. शेंगाचटणी मात्र भरपूर न्या. मिस्टर सकाळी सातला निघतील तेव्हा भाजी झाली नसेल, तर दही-चटणी-भाकरीचा डबा त्यांना दुपारपर्यंत पुरतो.

सोमवार-मंगळवारच्या त्या वेळा मला जरूर कळवा.