ग्वाल्हेरमध्ये हिवाळ्यात एअर प्युरिफायर दिवसरात्र चालवल्यास वीजबिल किती वाढेल?

तुमच्या प्युरिफायरवर ४५ वॅट लिहिलेले असेल आणि तो सर्वांत वरच्या गतीवर २४ तास चालला, तर महिन्याला सुमारे ३२ युनिट वीज लागेल. युनिटचा दर ७ रुपये धरला तर हा खर्च सव्वादोनशे रुपयांच्या आसपास जातो. हिशेब सरळ आहे: ४५ वॅट गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला १.०८ युनिट. प्रत्यक्षात खर्च याहून बराच कमी येतो, कारण यंत्रात वीज खाणारा मुख्य भाग पंखाच असतो आणि पंख्याची गती निम्मी केली की त्याला लागणारी शक्ती, तत्त्वतः, एक अष्टमांशावर येते. म्हणूनच रात्री मंद गतीवर बहुतेक घरगुती यंत्रे ५ ते १० वॅटच घेतात. अर्थात गती कमी केल्यावर हवाही कमी गाळली जाते, तेव्हा शहरातील लष्कर किंवा मुरार भागातल्या वर्दळीच्या रस्त्यालगत घर असेल, तर केवळ बिलासाठी गती कमी करू नये, असे मला मनापासून वाटते.

मात्र एक गोष्ट अवश्य तपासा. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेची सवलत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरांनाच मिळते आणि तीत पहिली १०० युनिटे १०० रुपयांत पडतात. तुमचा वापर आधीच १३० युनिटांच्या घरात असेल, तर या ३२ युनिटांमुळे ती सवलतच हातची जाईल आणि बिल वरच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक वाढेल.