जॉइन केलं तरी बेस फोल्डर गायब का होतो

तर पायथॉनमध्ये पाथचे तुकडे जोडणाऱ्या ओएस.पाथ.जॉइनला तू बेस फोल्डर आणि "/अपलोड्स" दिलंस, आणि हातात आलं नुसतं "/अपलोड्स". बग नाहीये तो. दुसऱ्या तुकड्याच्या सुरुवातीला स्लॅश आहे ना, म्हणजे पायथॉनच्या लेखी तो रूटपासूनचा पूर्ण पाथ झाला, मग आधीचं सगळं सोडून देतं. टर्मिनलवर फोल्डर बदलायला सीडी मारतोस तसंच, सीडी /अपलोड्स केलं की आधी कुठे होतास याला काही किंमत नाही. तो स्लॅश काढ, झालं. पाथलिबमध्येही (पायथॉनचं पाथसाठीचं नवं मॉड्यूल) हेच होतं, बेस / "/अपलोड्स" लिहिलंस तरी बेस जाणारच. म्हणून युजरने दिलेलं नाव थेट वापरू नकोस, जोडलेला पाथ आधी रिझॉल्व्ह कर (म्हणजे त्याचा खरा पूर्ण पाथ काढ) आणि मग ते बेसच्या आतच आहे ना हे इज_रिलेटिव्ह_टू ने तपास (पायथॉन ३.९ पासून आहे).

आता जॉइनऐवजी प्लसने तुकडे जोडून मध्ये बॅकस्लॅश चिकटवणं, ते तर सोडच. मी विंडोजवर असंच लिहिलेलं, लिनक्स सर्व्हरवर टाकलं, एरर काहीच नाही पण फोल्डर रिकामं! अर्धा दिवस परमिशन बघत बसलो. शेवटी एक फोल्डर वर जाऊन एलएस (फाइलींची यादी) मारलं तर तिथे "रिपोर्ट\जून" अशा आख्ख्या नावाची एकच फाइल पडलेली, कारण लिनक्सला बॅकस्लॅश म्हणजे नावातलं साधं अक्षर.

विंडोजवरसुद्धा बॅकस्लॅश त्रास देतोच, स्ट्रिंगमध्ये त्याच्यापुढे स्मॉल एन आला की न्यूलाइन, टी आला की टॅब. युझर्स फोल्डरचा पाथ लिहिलास तर कॅपिटल यू मुळे सरळ सिंटॅक्स एरर येते, ते बरं, निदान कळतं तरी. रॉ स्ट्रिंग (आधी आर लावलेली, जिच्यात बॅकस्लॅश तसाच राहतो) चालते पण तिच्या शेवटी एकटा बॅकस्लॅश चालत नाही (यात सगळेच एकदा अडकतात). त्यापेक्षा साधा फॉरवर्ड स्लॅश लिही, विंडोजवर ओपनला तो चालतो.

नवीन कोड असेल तर सरळ पाथलिब घे, ३.४ पासून आहे आणि ३.६ पासून ओपनला पाथ ऑब्जेक्ट तसाच देता येतो. जुना चालू कोड मात्र उगाच उकरू नकोस, जॉइन काही वाईट नाही.

एवढं करूनही फाइल सापडली नाही तर जॉइनच्या आधी दोन्ही तुकडे रेप्र करून प्रिंट कर, त्यात लपलेली अक्षरंही दिसतात. नुसत्या प्रिंटमध्ये शेवटची न्यूलाइन लक्षात येत नाही, आणि टेक्स्ट फाइलमधून ओळीओळीने नावं वाचतोयस तर ती शेपटीला असतेच.