मालिका कुठून सुरू करायची?

खानापूरकडं पावसाची झड लागली की वाचायला निवांत वेळ मिळतोय, म्हणून पुस्तकांची मालिका कोणत्या भागापासून वाचायची हा तुझा प्रश्न फार आवडला बघ. माझं मत ठाम आहे: लेखकानं ज्या क्रमानं पुस्तकं छापली, त्याच क्रमानं वाच. आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' या विज्ञानकथा मालिकेची पहिली तीन पुस्तकं १९५१ ते १९५३ मध्ये आली, आणि त्यांच्या आधीच्या काळाची गोष्ट त्यानं थेट १९८८ मध्ये दिली. ती पहिल्यांदा उघडलीस तर १९८६ च्या भागातलं मोठं गुपित आधीच फुटतंय. असं नको करू.

गुप्तहेर शेरलॉक होम्सच्या गोष्टींचं वेगळं. चार कादंबऱ्या, छप्पन्न कथा. कथांपासून सुरुवात केलीस तरी चालतंय. फक्त १८९३ ची धबधब्यावरची कथा ('द फायनल प्रॉब्लेम') वाचल्याशिवाय १९०३ च्या पुनरागमनाच्या कथेला ('द एम्प्टी हाउस') हात लावू नको.

अद्भुत कादंबऱ्यांत नावं फार, म्हणून वहीत लिहीत जा. मराठीत नारायण धारपांच्या 'समर्थ' या पात्राच्या गूढकथा जरूर वाच, रात्री एकट्यानं वाचल्यास तर जास्त रंगतील! आणि बेळगावच्या वाचनालयातून दुसरा भाग मिळतोय म्हणून तोच आणू नको. पहिल्यासाठी नंबर लाव, थांब.