जुने गेम नव्या मशीनवर चालवायचेत? आधी हे बघ
अरे, आधी गेम कुठल्या काळातला आहे ते बघ, कारण डॉसवाला (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करून चालवायची सिस्टीम), विंडोज ३.१ वाला आणि विंडोज ९८ वाला, तिघांचं औषध वेगळं. आजच्या ६४ बिट विंडोजवर डॉस आणि विंडोज ३.१ च्या काळातला १६ बिट प्रोग्रॅम चालतच नाही, त्यामुळे कंपॅटिबिलिटी मोडच्या (जुन्या विंडोजसारखं वागायला लावणाऱ्या सेटिंगच्या) टॅबमध्ये तासन्‌तास डोकं आपटू नकोस, काही उपयोग नाही.

डॉससाठी सरळ डॉसबॉक्स घे, म्हणजे डॉसच्या काळातल्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम. गेमचं फोल्डर माउंट कर (म्हणजे डॉसबॉक्सला ते ड्राइव्ह म्हणून दाखव), त्यात जा, एक्झी म्हणजे गेमची .exe फाइल चालव, झालं. गेम भलताच पळायला लागला तर कंट्रोल एफ११ दाबून सायकल्स, म्हणजे नकली मशीनचा वेग, कमी कर, रखडला तर कंट्रोल एफ१२. माउस विंडोत अडकला तर कंट्रोल एफ१०. आणि आवाज येत नसेल तर गेमच्याच सेटअपमध्ये साउंड ब्लास्टर (त्या काळातलं साउंड कार्ड) निवडून त्याच्या सेटिंगमध्ये पोर्ट २२०, आयआरक्यू ७, डीएमए १ टाक, बहुतेक वेळा गाडी तिथेच अडते. माउसने क्लिक करत कोडी सोडवायचे जुने अ‍ॅडव्हेंचर गेम असतील तर स्कमव्हीएम (अशा गेमसाठीच बनवलेला प्रोग्रॅम) जास्त बरं, डॉसबॉक्सची झंझटच नको.

विंडोज ९५-९८ वाल्यांत एक गंमत असते, गेम ३२ बिट पण इन्स्टॉलर १६ बिट, म्हणजे गेम चालला असता पण इन्स्टॉलच होत नाही! अशा वेळी सीडीवरच्या फाइली नुसत्या कॉपी करून बघ, कधीकधी चालतं. थ्रीडी गेमचे रंग बिघडले तर डीजीव्हूडू लाव, ते जुन्या ग्राफिक्सच्या कमांड नव्या कार्डाला समजतील अशा करून देतं. ८६बॉक्स नावाच्या एम्युलेटरमध्ये (नकली मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) अख्खं जुनं मशीन उभं करता येतं, पण ते तुझ्या मशीनला जड जातं, तू नवीन आहेस तर सध्या त्या वाटेला जाऊच नकोस.